करुणाचं घड्याळ आणि गुरुजींची म्हैस

माझी नात करुणा सातवीत असताना तिनं शाळेतला बंद पंखा उघडून चालू करून दाखवला होता. हे मी सगळ्या गावाला सांगितलेलं आहे, तुम्हालाही सांगतो. पुढं शेंद्र्याच्या कंपनीत ती पॅकिंगला लागली आणि दोन वर्षांत तिच्या हाताखाली सहा बाया आल्या, त्याचं मूळ त्या पंख्यात आहे. चिकलठाण्याला तिनं भाड्यानं खोली घेतली आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. आमच्या घरात पाटीवर नाव आलेली ती पहिलीच.

मागच्या वर्षी मैत्रिणीच्या स्कूटीवर मागं बसून येत होती. जालना रोडवर कुत्रं आडवं आलं आणि करुणाचं डोकं दुभाजकावर आपटलं. ऑपरेशन झालं. अठरा दिवसांनी तिनं मला "आबा" म्हणून हाक मारली, तेव्हा मी दवाखान्याच्या वॉचमनला चहा पाजला.

बोलणं आलं, चालणं आलं. जुनं सगळं आठवायचं, पण हातातलं काम मधेच सुटायचं. दूध गॅसवर ठेवून केस विंचरायला बसली, की दूध ठेवलंय हे मनातून साफ पुसलं जायचं. मेंदूला मार लागल्यावर असं होतं, तो काही आळस नव्हे, हे दवाखान्यातल्या थेरपीच्या मॅडमनी आम्हाला समजावलं. त्यांनीच तिच्या मनगटाला एक घड्याळ बांधलं. शेगडीला लाल पट्टी चिकटवली. पट्टी दिसली की घड्याळाचं बटण दाबायचं. चार मिनिटांनी घड्याळ थरथरतं आणि मोबाइल पुढचं काम बोलून सांगतो.

माझ्या सुनेचा, करुणाच्या आईचा, म्हणजे रत्नमालेचा, या यंत्रावर भरवसा नव्हता. "पोरगी गावाकडं येईल. माझ्या डोळ्यापुढं राहील."

"मी खोली सोडणार नाय," करुणा म्हणाली.

शेवटी बोली झाली. पंधरा दिवस करुणानं खोलीवर सगळं आपल्या हातानं करायचं. सोबत मी, पण मी कशाला हात लावायचा नाही. मग रत्नमाला येऊन बघणार आणि ठरवणार, करुणानं इथं राहून परत कामावर जायचं का गावाकडं यायचं.

मोबाइलमधली बाई पुण्याकडची असावी. "कृपया गॅस बंद करा," म्हणायची. करुणा ऐकायची आणि बसून राहायची. "आबा, ही दुसऱ्याच कुणाला सांगती असं वाटतं."

मॅडम म्हणाल्या, ओळखीचा आवाज भरा. मी लगेच मोबाइल तोंडापुढं धरला. "करुणा, दूध. दूध म्हटलं की आमच्या गुरुजींची म्हैस आठवती. एकदा ती हौदात पडली, अन् गुरुजींनी अख्खा वर्ग सोडला..."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा आवाज सुरू झाला आणि करुणा गालाला हात लावून ऐकत बसली. मीही ऐकत बसलो, गोष्ट सांगितली झकास होती. म्हैस हौदातच होती, तोवर दूध ओट्यावर आलं.

करुणानं फडकं घेतलं. "तुमची म्हैस वर येईस्तोवर माझं आठवड्याचं दूध जाईल."

"गोष्ट तर ऐकलीस ना?"

"व्हय. म्हणूनच गेलं."

त्या दुपारी ती मोबाइल घेऊन बसली. आवाज कापायचा कसा ते मॅडमनी कागदावर पाच ओळींत लिहून दिलं होतं. तिसऱ्या ओळीवर अडकायची, परत पहिलीवर यायची. माझे हात शिवशिवत होते, ते मी मांडीखाली घालून बसलो. संध्याकाळी तिनं मला ऐकवलं, "करुणा, दूध." सात मिनिटांतले दोनच शब्द ठेवले होते पोरीनं. मॅडम म्हणाल्या, दूध तापवण्यापेक्षा हे काम अवघड आहे आणि तिनं ते एकटीनं केलंय. मग "करुणा, गोळी" आलं, "करुणा, कुलूप" आलं. इतकं थोडक्यात मी जन्मात बोललो नव्हतो.

पंधराव्या दिवशी, रविवारी, रत्नमाला आली. करुणानं दूध ठेवलं, बटण दाबलं. तेवढ्यात शेजारच्या ताहेराबी डोकावल्या. भिंतीपलीकडून त्यांनी अर्धी गोष्ट ऐकलेली. "दादा, वो भैंस निकली क्या हौद से?"

विचारल्यावर सांगायलाच हवं. गुरुजींनी धोतर खोचलं, आम्ही चौदा पोरं दोराला लागलो. रत्नमाला पदर तोंडाला लावून हसत होती, ताहेराबी उंबऱ्यावरच बसल्या. गॅसवर दूध आहे हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात नव्हतं.

करुणाही हसत होती. तिचं मनगट थरथरलं. "करुणा, दूध," मोबाइलमधून मीच म्हणालो. ती उठली, गॅस बंद केला, पातेल्यावर जाळी ठेवली आणि परत येऊन बसली. "हं, मग?"

रत्नमाला उठून पातेल्यात डोकावली. दूध काठाला येऊन थांबलं होतं.

"मला कसं सुचलं नाय गं?"

"तुला घड्याळ नाय ना," करुणा म्हणाली.

रत्नमालेनं माझी पिशवी भरायला घेतली. "हिला राहू द्या इथं. मामा, तुमीच चला माझ्यासंगं. तुमी ऱ्हायलात तर हिला कामावर जायला उशीर व्हईल."

सोमवारी करुणानं मोबाइलमधला माझा आवाज ऐकून दाराला कुलूप लावलं, चावी पर्समध्ये टाकली आणि कंपनीच्या बसला एकटी गेली. आम्ही गावाकडं जायला पैठणच्या एसटीत बसलो, तोच तिचा फोन.

"आबा, पोचले. म्हैस निघाली का नाय ते राहिलंच."

"अगं, तेच तर. दोर ओढला, अन् गुरुजीच..."

"रविवारी सांगा. बाया वाट बघायल्या," म्हणून तिनं फोन ठेवला.

शेजारच्या सीटवर एक गृहस्थ रिकामे बसलेले होते. राहिलेली गोष्ट मी त्यांना सांगितली.