औदुंबरला मी काय मागायला गेले होते

माझी मुलगी चौथ्या वर्षात आली तरी तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. आम्ही उंब्रजचे, हमरस्त्यालगत नवऱ्याचं कापडाचं दुकान. येणारंजाणारं प्रत्येक माणूस म्हणायचं, "काही पोरं उशिरा बोलतात." डॉक्टरही तेच म्हणाले. आधी त्या बोलण्यानं धीर यायचा, पुढं पुढं राग येऊ लागला. उपास केले, अंगारे लावले. मग देवापुढं हात जोडले तरी मनात काही उमटेना. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "औदुंबरला जाऊ. तिथं मुक्याला वाचा आलीया." माझा विश्वास उरला नव्हता, पण त्यांचं मन मोडवेना.

कराडहून पॅसेंजरनं भिलवडीला उतरलो. कृष्णेच्या अलीकडच्या काठावर भुवनेश्वरीचं दर्शन घेतलं आणि होडीत बसलो. पाणी संथ होतं. सासूबाईंनी तिथंच मला ती कथा सांगितली. कोल्हापूरकडचा एक मुलगा, डोक्यानं मंद. लोकांच्या टोमण्यांना कंटाळून तो या देवीपुढं अन्नपाणी सोडून बसला आणि शेवटी त्यानं आपली जीभ कापून तिला वाहिली. देवीनं स्वप्नात येऊन सांगितलं, पलीकडं औदुंबराखाली एक यती बसलेत, त्यांच्याकडं जा. तो नदी ओलांडून गेला. नृसिंहसरस्वतींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्याची जीभ परत आली, विद्याही आली. चातुर्मास संपल्यावर स्वामी पुढं निघून गेले. त्यांच्या पादुका मात्र त्या झाडाखाली राहिल्या.

"देवीनं स्वतःच का नाही दिलं?" मी जरा टोचूनच विचारलं.

"तिचं काम वाट दावायचं असंल," सासूबाई म्हणाल्या.

घाट चढून वर गेलो आणि माझं मन नकळत निवलं. डोळे दिपवणारी मूर्ती नाही, सोन्याचांदीचा थाट नाही. झाडांची दाट सावली, पायाला गार लागणारी फरशी, फुलांखाली झाकलेल्या दगडी पादुका, आणि प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसांचं हलक्या आवाजातलं नामस्मरण. इतकं थोडं असूनही ती जागा भरलेली वाटत होती. मी डोकं टेकलं आणि मागितलं, हिला बोलती कर.

दुपारची आरती सुरू झाली. नगारा वाजू लागला, घंटा घणघणू लागल्या. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं तान्हं दचकून रडायला लागलं. माझी लेक नगाऱ्याकडं पाठ करून फरशीवरच्या पाकळ्या गोळा करत होती. तिनं मानसुद्धा वळवली नाही.

आरती झाल्यावर एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. तिनं विचारलं, "बाई, पोरगी बोलत न्हाई, का तिला ऐकूच येत न्हाई?"

मला ते लागलं. "दार आपटलं की बघते ती," मी म्हणाले.

"हादरा कळत असंल. माझी नात अशीच हुती. आमी बी लय दिवस वाचाच मागत बसलो. मिरजंला कानाच्या डॉक्टरला दाव. आजच जा."

मी सासूबाईंकडं पाहिलं. मला वाटलं, त्या म्हणतील, आधी घरी जाऊ. पण त्यांनी पिशवी उचलली होती. "चल," एवढंच म्हणाल्या. म्हातारीचं नावगाव विचारायचं राहून गेलं.

मिरजेत तपासणी झाली. ऐकू जवळजवळ येतच नव्हतं; थोडं शिल्लक होतं. कानाला यंत्र बसलं त्या दिवशी मी तिला मागून हाक मारली. ती वळली. माझ्याकडं नुसती बघत राहिली, मग तिनं हात पुढं करून माझ्या ओठांना बोटं लावली. सासूबाई भिंतीला टेकून रडत होत्या.

पुढं शिकवणं लांबलं. एकेका अक्षरासाठी महिने गेले. आजही ती अडखळत बोलते, परक्याला चटकन कळत नाही. पण बोलते, भांडते, शाळेत जाते. त्या म्हातारीला महाराजांनीच पाठवलं का, असं लोक विचारतात. मला ठाऊक नाही. मी तिथं जी मागणी घेऊन गेले, तीच चुकीची होती, आणि तरी मला रित्या हातानं परत यावं लागलं नाही, एवढं मात्र खरं.

दरवर्षी आम्ही औदुंबरला जातो. पादुकांवर डोकं ठेवते आणि गप्प राहते. मागणं सुचत नाही असं नाही. पण काय मागावं हे मला कळतं, ही खात्री आता उरलेली नाही. ते महाराजांवर सोपवलं आहे.