केबलमध्ये अडकलेलं लग्न

खंडेनवमीच्या सकाळी माझ्या मुलीचं लग्न हरवलं. म्हणजे लग्न उन्हाळ्यातच झालं होतं, मुक्ता अकलूजला सुखाने नांदत होती, जावईही जागेवर होते. हरवलं ते त्या लग्नाचं चित्रीकरण. पण मला बसलेला धक्का पाहता, नवरदेव मांडवातून पळाला असता तरी मी थोडा कमी हादरलो असतो!

त्या दुपारी मुक्ताच्या सासरची मंडळी आमच्याकडे जेवायला येणार होती. आषाढात त्यांचे आप्पा, म्हणजे जावयांचे आजोबा, वारले. त्यामुळे त्यांच्या घरी यंदा सण नव्हता. व्याह्यांनी फोनवर एकच गोष्ट मागितली होती.

"लग्नात आप्पा क्यामेऱ्यात कायतरी बोललेत म्हणं. तेवढं मोठ्या पडद्यावर बघू की. त्यांचा आवाज आमच्याकडं दुसरा कुटंच न्हाय."

एवढा भारदस्त माणूस, पण आवाज कापत होता. "तुम्ही या तर खरं, सगळं तयार ठेवतो," असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं.

चित्रीकरण होतं माझ्या लॅपटॉपवर आणि मोठा पडदा हॉलमधल्या डेस्कटॉपला. फाइली एवढ्या अगडबंब की पेनड्राइव्हमध्ये मावेनात. पण मी कॉलेजच्या ऑफिसात काम करतो आणि संगणकातला जाणकार म्हणून माझा तिथे दबदबा आहे. (अडकलेला प्रिंटर मी एकदा चापट मारून चालू केला होता, तेव्हापासून.) मी एक नवी कोरी निळी केबल आणली, दोन्ही यंत्रांना जोडली आणि बायकोला समोर बसवून व्याख्यान दिलं.

"वैशाली, पेनड्राइव्ह म्हणजे बादलीनं पाणी भरणं. ही केबल म्हणजे थेट पाइपलाइन!"

"पाइपलाइनला आपल्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी येतंय," वैशाली म्हणाली आणि पुरणाकडे गेली.

लॅपटॉपवर 'कुठे पाठवायचं' म्हणून दोन नावं आली. दोन्ही 'डेस्कटॉप', आणि पुढे कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखी अक्षरं. मी वरचं निवडलं. फाइलींची नक्कल करावी की त्या उचलून तिकडे टाकाव्यात, या प्रश्नावर मी 'कट' केलं. एकच लग्न दोन ठिकाणी कशाला? घरात पसारा नको! हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. नव्या केबलच्या मानाने जरा फारच हळू, पण म्हटलं, नवी आहे, रुळेल. मी आंघोळ उरकली आणि झेंडूची फुलं आणायला बाहेर पडलो.

परत आलो आणि दारातच माझ्या हातातली पिशवी गळाली.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा असते आणि त्या दिवशी अवजारांना पूर्ण सुट्टी. आईने पाटावर विळी, अडकित्ता, पक्कड, हातोडी मांडली होती. त्यांच्या मधोमध, नागोबासारखं वेटोळं घालून, हळदकुंकू ल्यालेली माझी निळी केबल बसली होती! डेस्कटॉपचं बटण बंद होतं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर कुंकवाचं ठसठशीत बोट.

"आई! केबल का काढलीस?"

"अरं, आज अवजारानं राबायचं नसतंय. त्या बिचारीला सकाळपासनं जुंपलायस. लुकलुक लुकलुक करायली होती."

मी लॅपटॉपवर झडप घातली. लग्नाचं फोल्डर रिकामं! डेस्कटॉप चालू केला. तिथे तर लग्नाचं नावही नाही! माझ्या पायाखालची फरशी सरकली. इकडे नाही, तिकडे नाही, आणि मधली केबल आईने उपटलेली.

"गेलं! मुक्ताचं लग्न गेलं!"

वैशाली पुरणाच्या हातानेच धावत आली. "गेलं म्हणजे? कुठं गेलं?"

"इथून निघालं होतं, तिथं पोचलंच नाही!"

"मग मधीच असंल की," आई शांतपणे म्हणाली आणि केबलकडे बोट दाखवलं. "वाटंत असताना मी काढली असंल, तर ह्यातच असंल."

"आई, केबलमध्ये फाइल साठत नाही!"

"तूच म्हणलास की पाइप हाय म्हणून. नळ बंद केला तरी पाइपात थोडं ऱ्हातंयच."

मी मोहोळच्या फोटोग्राफरला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, आमी कार्ड रिकामं केलं की. तुमीच म्हणलात, सगळं नीट मिळालं म्हणून." आप्पांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण मी 'कट' केलं होतं. आता व्याह्यांना कोणत्या तोंडाने सामोरं जायचं? आणि (सांगायला लाज वाटते) त्या घाबरलेल्या अवस्थेत मी खरोखरच केबल उचलली, तिच्यावरच्या अक्षता झटकल्या आणि परत जोडून पाहिली. आईने हात जोडले.

तेवढ्यात खाली गाडी थांबली. अकलूजकर आले! मी खिडकीतून डोकावलो, तर मंडळी जिना चढेचनात. खालच्या मजल्यावरच्या श्रीनिवासअण्णांच्या दारासमोर सगळे खांबासारखे उभे. आणि अण्णांच्या घरातून मंगलाष्टकं ऐकू येत होती. त्यात मधूनच माझा आवाज, "अहो गुरुजी, जरा थांबा!"

मी जिना उतरलो की घरंगळलो, आठवत नाही. अण्णा टॉवेलची डिझाइनं काढतात. आमच्या दोन घरांत वायफाय एकच. त्यांच्या संगणकाला झेंडूची माळ घातलेली, समोर नारळ, आणि पडद्यावर माझी मुलगी बोहल्यावर!

"काय हो सर," अण्णा म्हणाले, "पूजेला देवाचा फोटो लावावा म्हणून काँप्युटर उघडलो, तर तुमचं अख्खं लग्न आमच्याकडं आलंय की! आमचा डेस्कटॉप तुम्हाला दिसतंय होय?"

म्हणजे मांजराच्या अक्षरांतलं वरचं नाव अण्णांचं होतं. लग्न सकाळपासून हवेतून त्यांच्याकडे उतरत होतं आणि त्या केबलमधून एक अक्षरसुद्धा गेलं नव्हतं. आईने पूजा केली तेच तिचं त्या दिवसातलं एकमेव काम!

पण हे कुणाला ऐकायचं नव्हतं. पडद्यावर आप्पा आले होते. खुर्चीत बसलेले, डोईवर फेटा. व्याह्यांनी चपला काढून हात जोडले. मुक्ताने सासूबाईंचा हात धरला. पडद्याच्या कडेला मी अक्षतांचं ताट घेऊन घाईने चाललो होतो, आणि बघता बघता ते अख्खं ताट गुरुजींच्या डोक्यावर पालथं झालं. आप्पा खळखळून हसले, क्यामेऱ्याकडे वळले आणि माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले,

"आमच्या ह्या व्याह्यांच्या हातात कुनी काय देऊ नगा रं. मानूस सोन्यासारखा हाय, पर हातात काय ऱ्हात न्हाय!"

व्याही हसायला लागले आणि हसता हसता ढसाढसा रडले. विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरून आले. (थोडे आप्पांसाठी, थोडे अपमानाने.)

"हे एवढं आमाला द्या," व्याही डोळे पुसत म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"लगेच देतो!" म्हणत मी उत्साहाने अण्णांच्या माऊसकडे हात नेला.

जावईबापूंनी अत्यंत अदबीने माझा हात धरला आणि मला बाजूच्या खुर्चीत बसवलं. त्यांच्या घरात आप्पांचा शब्द आजवर कुणी मोडलेला नाही.