शीतल नावाच्या बाईची जागा

शीतल गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात पॅसिव्ह व्हॉइस शिकवत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "टीचर, घरचा फोन हाय, तीनदा आलाय." स्टाफरूममध्ये जाऊन उचलला, तर पलीकडून माझी भावजय सुजाता एवढंच म्हणाली, "वन्सं, तुम्ही आत्ताच्या आत्ता सदलग्याला या." मला वाटलं माहेरी आप्पांचं काही झालं... माझे वडील, ऐंशीला टेकलेले. ह्यांनी गाडी काढली आणि संकेश्वरच्या पुढं कुठंतरी, रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, की आप्पा नव्हे, शीतल. माझा धाकटा भाऊ. चाळीस वर्षांचा. सकाळी डेअरीवर दूध घालायला गेला, किटली कट्ट्यावर ठेवली आणि बाजूला टेकला तो टेकलाच. हृदय बंद पडलं म्हणाले.

त्याला आता दीड महिना झाला. ह्या दीड महिन्यात जो येईल तो एकच विचारतो, "पाण्यात काय झालं का हो?" कारण शीतल पंधरा वर्षं थायलंडच्या एका बेटावर, तिथल्या हंगामापुरता, स्कूबा डायव्हिंगचा इन्स्ट्रक्टर होता. पाठीवर हवेची टाकी बांधून माणसांना समुद्राखाली न्यायचं, मासे दाखवायचे आणि सुखरूप वर आणायचं, हे त्याचं काम. मी सांगते, "न्हाय हो, डेअरीवर." मग विचारणाऱ्याचं तोंड जरा उतरतं. मला क्षणभर बरं वाटतं, आणि मग स्वतःचीच लाज वाटते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे. चांगलं ढीगभर आहे, तेही लिहिते. पण मला त्याचा हेवा वाटायचा, हे आधी सांगून टाकते. हेवा म्हणजे थोडाथोडका नव्हे, नुसता जळफळाट व्हायचा.

सुरुवात विहिरीपासून आहे. मळ्यातल्या आमच्या विहिरीत शीतलच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून त्याला पोहायला मी शिकवलं. तो रडायचा, पायरी सोडायचा नाही. मी मात्र पाण्यातलंच जनावर. आसपासच्या मळ्यांत कुणाची कळशी विहिरीत पडली की गळ टाकायच्या आधी मला हाक यायची. दम धरून तळाला जायचं, चिखलात हात घालायचा, कळशीचा काठ हाताला लागला की पाय मारून वर... वर आलं की काठावरच्या बायका ओरडायच्या, "आली गं बया आली!" तेरावं लागलं आणि आईनं एक दिवस सांगितलं, बास झालं आता विहिरीत उतरणं. पुढची कळशी पडली तेव्हा शीतल उतरला आणि मी कठड्यावर उभी राहून "डावीकडं बघ रं, डावीकडं!" म्हणून ओरडत होते. कळशी घेऊन तो वर आला तेव्हा त्याच बायकांनी त्याला गूळ दिला. मला कधी कुणी गूळ दिला नव्हता.

पुढं मी बी.एड. केलं आणि बेळगावात इंग्रजीची शिक्षिका झाले. शीतलनं आयटीआय केलं, तिथल्याच उद्यमबागेत एका फाउंड्रीत आठ महिने काढले, आणि मित्रांबरोबर मालवणला फिरायला गेला तो तिथंच राहिला. पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्यांकडं टाक्या उचलायच्या कामाला लागला. आप्पा म्हणाले, "ह्यो हमाली करायला गेला व्हय?" पण पोरानं टाक्या उचलता उचलता एकेक परीक्षा दिली आणि तीन वर्षांत इन्स्ट्रक्टरचं कार्ड घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "आक्का, मालवणात पावसाळ्यात बसून खावं लागतंय. भाईर अर्ज करायचाय. तू लिव."

मी लिहिला. जीव ओतून लिहिला. लहानपणापासून पाण्याची ओढ, विहिरीच्या तळाचा तो हिरवा उजेड, पाण्याला भिणाऱ्या माणसाला धीर कसा द्यावा... सगळं माझंच होतं, खाली नाव त्याचं. सात ठिकाणी पाठवला. त्यातल्या एका बेटावरच्या मॅनेजरचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, व्हिडिओवर बोलू या म्हणून. निपाणीच्या सायबर कॅफेत आम्ही दोघं एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसलो. पडद्यावर एक गृहस्थ आले, मूळचे ठाण्याचे, मराठीतच बोलायला लागले. "नमस्कार. शीतल मॅडम तुम्हीच ना?" हे त्यांनी मला विचारलं.

आमच्याकडं, निपाणी-चिकोडीकडच्या जैन घरांत, शीतल हे पुरुषाचं नाव. शीतलनाथ तीर्थंकरांवरून ठेवतात. सदलग्याच्या बाजारात शीतल म्हणून हाक मारा, तीन मिशीवाले वळून बघतील. पण ठाण्याच्या माणसाला ते काय ठाऊक! त्यांच्याकडं नवीन लग्न झालेली भारतीय जोडपी यायची, बायका पाण्यात उतरायला लाजायच्या, घाबरायच्या, म्हणून त्यांना बाई इन्स्ट्रक्टर हवी होती. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी बोलणारी एक शीतल मिळाली म्हणून साहेब खूश होते. "सर, मीच शीतल," भाऊ म्हणाला. साहेब हसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि ह्या?" शीतल म्हणाला, "माझी आक्का. मला पोहायला हिनंच शिकवलं." साहेब म्हणाले, "मग यांनाच पाठवा की. कोर्स आम्ही करून घेऊ. पहिला हंगाम मदतनीस, पुढच्याला इन्स्ट्रक्टर."

मी अठ्ठावीस वर्षांची होते. तोंड उघडायच्या आत शेजारून आवाज आला, "हिचं लगीन ठरलंय, सर."

ठरलं नव्हतं. पाहुणे येऊन फक्त बघून गेले होते. पण साहेब म्हणाले, "अरे वा, अभिनंदन," आणि शीतलला घेतलं. चार भाषा येतात म्हणून घेतलं, आणि काम असं, की पाण्याखाली चकार शब्द बोलायचा नाही. दोन महिन्यांनी तो विमानात बसला. मी बेळगावातच खासबागेतल्या घरात माप ओलांडलं.

नंतरची पंधरा वर्षं मी काय सांगू! ऑक्टोबरात तो जायचा, मे महिन्यात काळाभोर होऊन परत यायचा, कारण पावसाळ्यात तिकडं समुद्र खवळलेला असतो आणि काम बंद. आमच्या गावाला वाटायचं, पोरगं चातुर्मास पाळायला घरी येतंय. मंदिरात बायका आईला म्हणायच्या, "किती धर्माचं हाय बघा, चातुर्मासात गाव सोडत न्हाई." मी बारा महिने इथंच, पण परीक्षेचे पेपर तपासता तपासता एकदा दिवे लागल्यावर जेवले, तर सूर्य मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत म्हणून आईनं महिनाभर ऐकवलं. एकदा आमच्या शाळेत क्रीडादिनाला पाहुणा म्हणून त्याला बोलावलं आणि त्याची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडं. पोरांनी टाळ्या वाजवून छत डोक्यावर घेतलं. तेव्हापासून माझीच पोरं मला "शीतल सरांच्या आक्का" म्हणायला लागली. कोरोनात त्याचे दोन हंगाम बुडाले, तो घरी बसून उसाला पाणी पाजत होता, तेव्हा खोटं कशाला बोलू, मला शांत झोप लागायची.

आणि तो होता कसा? गुणाचा. ते त्याहून वाईट. वाईट असता तर हेवा तरी सोपा गेला असता. तिकडं मासळीच्या वासात राहून कांदा-बटाटा शिवला नाही. पाण्याला घाबरलेल्या माणसाला कधी ढकललं नाही. म्हणायचा, "आक्का, मानूस भ्याला की त्येचा हात धरायचा आनि थांबायचं. घाई करायची न्हाई. तू माझा धरलातास तसा." मी म्हणायचे, "पुरे झालं तुझं कौतुक." दर वर्षी भाद्रपद सरत आला की तो माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसायचा आणि नव्या हंगामाची पत्रं मी लिहायची. त्याचं मेलचं खातं मी उघडलेलं, पासवर्डसुद्धा माझ्याकडं.

यंदाही तसाच आला. त्याला हेड इन्स्ट्रक्टर करायचं घाटत होतं, त्यासाठी पत्र हवं होतं. माझं डोकं दुखत होतं, मी म्हटलं उद्या लिहू. तर हसून म्हणाला, "तुला काय आक्का, बसल्या जागी लिवायचं तर हाय." झालं! पंधरा वर्षांचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. म्हटलं, "ती जागा माझी होती. बाईसाठी होती. माझ्या शब्दांवर आणि माझ्या विहिरीवर तू तिकडं गेलास. वर माझं लगीन ठरवून मोकळा झालास!" तो पाटावरून उठला नाही. हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "मी खोटं बोललो. बरूबर हाय. पन आक्का, सरांनी तुला इचारलंतं, व्हय का म्हनून. तू मान हलवलीस."

मी म्हटलं, खोटं.

"खोटं कशाला बोलू? मी तुझ्याकडंच बघत हुतो. न्हाय म्हन, न्हाय म्हन, असं मनात चाललंतं. तू न्हाय म्हनली असतीस तर मी खुर्चीवरनं उठलो असतो."

मी त्याला घराबाहेर जा म्हटलं. तो गेला. पंधरा दिवस मी त्याचा फोन उचलला नाही... सोळाव्या दिवशी शाळेत सुजाताचा आला.

मान हलवली होती. आता लिहूनच टाकते. सायबर कॅफेत साहेबांनी विचारलं, "खरंच?" आणि मी हो म्हणून मान हलवली. भाऊ आधी बोलला म्हणून मला किती सुटल्यासारखं वाटलं होतं, तेही आठवतं. मला भीती वाटली होती. आप्पांची, आईची, विमानाची, त्या समुद्राची. कुणीतरी माझ्या वतीनं नको म्हणावं असंच मला हवं होतं, आणि म्हटल्यावर त्याचं खापर फोडायला तोच सापडला. हे मला पंधरा दिवसांत कधीही फोन उचलून त्याला सांगता आलं असतं.

दिवस झाल्यावर सुजाता म्हणाली, "वन्सं, तिकडं सरांना तुम्हीच कळवा." मी त्याचं खातं उघडलं. तर पाठवलेल्या पत्रांत एक पत्र, आमच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवसाचं. शीतलनं स्वतः लिहिलेलं पहिलं आणि शेवटचं इंग्रजी पत्र. शाळेतल्या पोरानं लिहिलं असतं तर मी दहात तीन दिले असते. एका वाक्यात क्रियापदच नव्हतं, सिस्टर हा शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला आणि दोन्ही चूक. मराठीत सांगायचं तर एवढंच होतं: माझी बहीण डिसेंबरात पंधरा दिवस आली तर चालेल का? स्टाफच्या खोलीत राहील. माझ्यापेक्षा चांगली पोहते. येणार की नाही हे मला विचारू नका. तिलाच विचारा आणि ती बोलेपर्यंत थांबा.

वाचून मी रडले, आणि रडता रडता चिडले. बघा, जाता जाता मोठेपणासुद्धा त्याच्याच पदरात! मी साहेबांना बातमी कळवली, बहीण म्हणून सही केली. दोन दिवसांनी उत्तर आलं. सांत्वनाचं लिहून झाल्यावर खाली त्यांनी लिहिलं होतं, की शीतलच्या सांगण्यावरून खोली ठेवली आहे, अशा वेळी विचारू नये हे कळतं, पण त्यानं तुम्हालाच विचारायला सांगितलं होतं म्हणून विचारतो. याल का? घाई नाही, थांबतो.

चार दिवस ते पत्र मी रोज उघडून बघत होते. काल शाळेतून आले, पर्स खांद्यावर तशीच, पाटावर बसले आणि उत्तर लिहिलं. इतकी वर्षं त्याच्यासाठी पानंच्या पानं लिहिली, स्वतःसाठी जेमतेम तीन ओळी. येते, असं लिहिलं. पाठवायच्या आधी वाचून बघितलं, तर त्यात दोन चुका निघाल्या. तशाच पाठवल्या.