समुद्रात घालायचा कपडा

कटिंगच्या टेबलावर हॉटेलचं छापील पत्रक पसरलं होतं आणि आत्याबाईंनी त्यातल्या बाईच्या मांडीवर बोट ठेवलं होतं.

"मास्तर, हितनं खाली कापड कुठं गेलं?"

मास्तरांनी कात्री बाजूला ठेवली. "आवं आत्याबाई, समुद्रात पवायचा कपडा हाय त्यो. तेवढाच असतोय."

"तेवढाच असतोय तर तुमच्याकडं कशाला आणलं असतं? दोन रुमाल मीच जोडलं असतं घरी."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. आत्याबाईंची सून शालन पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत उभी होती. मी पडद्यामागे काजं करत बसले होते.

हे दुकान साताऱ्यात होतं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पुढे मशीन शिकले. बायकांची मापं बाईनं घ्यावीत म्हणून मास्तरांनी मला ठेवलं होतं. गिऱ्हाइकाशी बोलायचं मास्तरांनी, माप आणि शिवण माझ्याकडे. मला ते बरं पडायचं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझ्या हाताला घाम सुटायचा, आणि घामाच्या हातानं कापडावर डाग पडतात.

आत्याबाई कोरेगावकडच्या. घरचा ऊस. मुलगा मिलिटरीत हवालदार. त्याच्या पलटणीतल्या एका मालवणी सोबत्याच्या भावानं कोकणात खाडीच्या तोंडाशी एका बेटावर नवीन हॉटेल काढलं होतं. सहा खोल्या, पुढे वाळू, जायचं होडीनं. मुलानं सुट्टीत बायकोला आणि दोन पोरांना सात दिवस तिथं न्यायचं ठरवलं. खोली सांगून ठेवली आणि पत्रात लिहिलं, पाण्यात जायचे कपडे शिवून ठेव. सोबत ते पत्रक पाठवलं. ते शालनच्या आधी सासूच्या हाती पडलं.

"माझी अट हाय," आत्याबाई म्हणाल्या. "कपडा शिवा. पण त्यो वला झाल्यावर कसा दिसतोय ते मी माझ्या डोळ्यानं बघणार. आमच्या हिरीवर. मनाला पटलं तर जात्याल. न्हाई पटलं तर मी पोराला तार करती, खोली नगं म्हणून."

"किती दिवस आहेत?" मास्तरांनी विचारलं.

"बारा दिसांनी येतोय त्यो."

मी शालनला पडद्याआड घेतलं. टेप लावला. छाती, कंबर, उंची. अंगानं अगदी माझ्यासारखी, बारीक. माप घेताना बाई गप्प उभी राहते किंवा मग मनातलं बोलते. शालन बोलली.

"बाई, नऊ वर्सं झाली लग्नाला. वर्सातनं एकदा येत्यात. आलं की घर भरतंय. पावणं, पारावरची माणसं, कोण न्हाई कोण. आमी दोघं अजून महाबळेश्वरला सुदीक गेलो न्हाई. हितनं हितं."

मी मान हलवली आणि दंडाचं माप लिहून घेतलं.

कापड कोणतं घ्यायचं, हा पहिला प्रश्न. साधं सुती कापड ओलं झालं की अंगाला चिकटतं आणि आतलं दिसतं. जाड सुती घेतलं तर पाणी पितं आणि जड होतं. मास्तरांनी विचार करून तोड काढली. "पाण्यासाठी केलेलं कापड एकच. छत्रीचं. काळं, घट्ट विणीचं, आरपार दिसत न्हाई. पाणी त्याच्यावरनं पळतं."

मलाही ते पटलं. आम्ही छत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडून कापड आणलं. मी घोट्यापर्यंत गाऊन शिवला. गळ्याला आणि मनगटाला इलास्टिक, म्हणजे काही सरकायला नको. टेबलावर तो इतका सोज्वळ दिसत होता की मास्तर म्हणाले, हा घालून देवळात जावं.

मंगळवारी दुकान बंद असायचं. त्या मंगळवारी मी एसटीनं कोरेगावला गेले आणि तिथून बैलगाडीनं मळ्यात. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. विहिरीला पाणी चांगलं होतं, पायऱ्या अर्ध्या बुडालेल्या. आत्याबाईंनी गड्यांना लांबच्या वावरात पाठवलं होतं. विहिरीवर आम्ही तिघीच.

शालनचं माहेर सांगलीजवळ, कृष्णेच्या काठावर. लहानपणापासून पोहणारी. ती गाऊन घालून पायऱ्या उतरली. पाणी गुडघ्याला लागलं तसा गाऊन फुगायला लागला. कमरेला लागलं तेव्हा तिच्याभोवती काळा घुमट उभा राहिला होता. आम्ही विचार केला होता पाण्याचा, हवेचा केला नव्हता. त्या कापडातून पाणी आत जात नाही, तशी हवाही बाहेर जात नाही. मी गळा आणि मनगटं इलास्टिकनं बंद केली होती. आत अडकलेल्या हवेला वाट नव्हती.

"आगं, ही छत्रीच की!" वरून आत्याबाई म्हणाल्या. शालन हसली. हसतच तिनं पाण्यात अंग टाकलं.

त्याबरोबर गाऊन उलटा झाला. घेर वर आला आणि डोक्यावरून गेला. तिचे हात त्यात गुरफटले. तोंडावर कापड बसलं. पाण्यावर नुसतं काळं फुगलेलं दिसत होतं आणि ते हलत होतं. मला पोहता येत नाही. मी ओरडलेही नाही.

आत्याबाईंनी नेसत्या लुगड्यानिशी उडी टाकली. कासोटा घट्ट होता, लुगडं अंगाबरोबर राहिलं. दोन हात मारून त्या तिथं पोचल्या, गाऊन गळ्यापाशी धरून टराटरा फाडला आणि शालनला पायरीवर लोटलं. ती खोकत बसली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

आत्याबाई लगेच बाहेर आल्या नाहीत. समोरच्या भिंतीपर्यंत पोहत गेल्या आणि हळूहळू परत आल्या. मग एकदा पुन्हा गेल्या. मला वाटलं, दम खात असतील.

वर आल्यावर पदर पिळत त्या म्हणाल्या, "झालं. उद्या तार करती."

शालन ओल्या केसांतून पाणी गळत होतं ते बघत बसली. चूक माझी होती. कापड मास्तरांचं, पण गळा आणि बाह्या बंद केल्या होत्या मी. मी कधी गिऱ्हाइकाशी आपण होऊन बोलले नव्हते.

"आत्याबाई," मी म्हणाले, "आणखी एकदा बघू द्या मला. चार दिवस."

"आणि परत बुडाली म्हंजे?"

"या वेळी आधी मी स्वतःवर बघीन."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला वाचा हाय व्हय? बरं. शनवारी आण. त्याच्या म्होरं न्हाई."

मास्तरांनी मला बोल लावले, मी मुकाट्यानं ऐकले. पण या खेपेला कापड मी निवडलं. गडद निळं टेरिकॉट, वर मोठी पांढरी फुलं. टेरिकॉटमध्ये अर्धा धागा सुताचा नसतो, त्यामुळे ते पाणी कमी पितं आणि जड होत नाही. मोठ्या छापामुळे ओलं कापड अंगावर बसलं तरी अंगाचा आकार नजरेत भरत नाही. पुढच्या बाजूला छातीपासून कमरेखालपर्यंत दुहेरी कापड घेतलं.

बेतणी मात्र मी आत्याबाईंच्या लुगड्यावरून केली. ते वर का आलं नाही? कारण ते दोन पायांमधून मागे खोचलेलं होतं. म्हणून मी खाली पोटरीपर्यंत अरुंद पायांची विजार केली. वर गुडघ्यापर्यंत सदरा. सदऱ्याला दोन्ही बाजूंनी कमरेपर्यंत कट ठेवले, म्हणजे हवा निघून जाईल. सदऱ्याला आतून बटणं आणि ती अडकवायला विजारीला दोऱ्याचे फास, म्हणजे तो वर चढणार नाही. इलास्टिक कुठंच नाही.

सदरा अंगासरशी हवा होता. ढगळ राहिला तर परत फुगेल, ही धास्ती. म्हणून शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, ज्याला आम्ही माया म्हणतो, ते मी एकच बोट ठेवलं. एरवी दोन बोटं ठेवायचे.

दुपारी घरी कोणी नसताना तो कपडा मी स्वतः घातला, मोरीत उभी राहून चार बादल्या अंगावर घेतल्या आणि आरशासमोर गेले. मान वळवून मागूनही पाहिलं. काही दिसत नव्हतं. मग शेजारच्या वाड्यातल्या हौदात उतरून खाली बसले. फुगला नाही. शेजारीण विचारत होती, काय गं झालं तुला. मी म्हटलं, काम आहे.

शनिवारी मास्तरांकडून सुट्टी घेऊन गेले. शालन या वेळी हसली नाही. कमरेला दोर बांधून उतरली, दोराचं टोक आत्याबाईंच्या हातात. एक फेरी मारली, बुडी मारली, वर आली. कपडा तिच्याबरोबर गेला आणि तिच्याबरोबर आला.

आत्याबाईंनी तिला उन्हात उभं केलं. "फिर. आता वाक. हात वर कर." कापड चिमटीत धरून पाहिलं. सदऱ्याचं टोक पिळलं. किती पाणी निघतं ते पाहिलं. मग दोर गुंडाळायला लागल्या.

"आत्याबाई, काय ते सांगा की," शालन म्हणाली.

"जावा," त्या म्हणाल्या. "आणि मी बी येती. तुमी दोघं पाण्यात, मग पोरं कोण बघंल?"

शालननं माझ्याकडे पाहिलं. मी तिचं कोरडं लुगडं तिच्यापुढे धरलं. माप आणि शिवण माझ्याकडे होती, बाकीचं नाही.

तीन-चार आठवड्यांनी आत्याबाई एकट्याच दुकानात आल्या. मास्तर जेवायला गेले होते. त्यांनी पंच्यात बांधलेला तो कपडा टेबलावर ठेवला. सदऱ्याच्या दोन्ही काखेखालच्या शिवणी कमरेपर्यंत उसवल्या होत्या.

"धुताना फाटला. शालनचा हात लय जड."

मी शिवण उलटून पाहिली. धुताना कपडा फाटतो तेव्हा एका जागी फाटतो आणि कापडाची वीण तुटते. इथं कापड धड होतं. नुसता दोरा तुटला होता, दोन्हीकडे सारखाच, आणि सुईची भोकं ताणून लांबट झाली होती. हे आतून ताण आल्यावर होतं. घालणारीचं अंग मापापेक्षा चार बोटं तरी जास्त होतं आणि तिनं हात लांब टाकले होते. विजारीची दुमड उलटली तर बारीक वाळू टेबलावर पडली.

आत्याबाई वाळूकडे पाहत होत्या. मी ती हातानं पुसून टाकली.

"कधी हवा?"

"घाई न्हाई. पण जरा ऐसपैस कर. शालनची तब्येत सुधरंल आता."

"बरं."

माप मी घेतलं नाही, त्यांनी दिलं नाही. नजरेनं अंदाज घेतला. शिवणीत सोडलेलं एक बोट पुरणार नव्हतं. उरलेल्या तुकड्यातून काखेखाली पतंगाच्या आकाराचे जोड दिले आणि दोन्ही बाजूंना पट्टी लावली.

कपडा न्यायला शालन आली. तोंडावर रापलेपण होतं, ते तिला शोभत होतं. तिनं आपण होऊन सांगितलं. पहिल्या दिवशी आत्याबाई लुगड्यानिशी पाण्यात गेल्या, तर हॉटेलातली मुंबईची माणसं गोळा झाली, एकानं फोटो काढला. त्या तशाच वर आल्या, परत पाण्याकडं फिरकल्या नाहीत. "मग म्हनायच्या, तुमी दोघं जावा होडीतनं, कुठं जायचं तिकडं जावा. पोरं घेऊन मी हाय की हितं वाळूत. रोज दुपारी आमी दोघंच, बाई. सकाळी पवून झालं की कपडा मी लगीच धुऊन वाळत घालायची."

एवढं बोलून तिनं सदरा उघडून अंगाला लावला. तो दोन्ही बाजूंनी लोंबत होता. तिनं काखेतले जोड पाहिले, माझ्याकडे पाहिलं.

"हे काय केलंसा?"

"धुताना उसवला होता म्हणे," मी म्हणाले.

तिनं जोडाच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग घडी घालून सदरा पिशवीत ठेवला.

"माझ्यासाठी दुसरा शिवा," म्हणाली. "माप हाय न्हवं तुमच्याकडं? फुडल्या साली बी जायचंय. सगळ्यांनी."

तेव्हापासून कापड कितीही कमी असो, बाईच्या कपड्याच्या शिवणीत मी आतून दोन बोटं जास्त सोडते. माप एकीचं घेतलेलं असतं. घालणारी कोण, ते दुकानात कळत नाही.