पुढचा खांदा
ओला कळक तोडल्याचा वास आला की आमच्या दारात बांधलेली तिची तिरडी डोळ्यांपुढं येती. बायको गेली त्या सकाळी मी पुढच्या खांद्याला उभा ऱ्हायलो, तर पुतण्यानं माझा दंड धरला. "आबा, तुमी गाडीत बसा. वय झालं तुमचं. वाटंत पडला म्हंजे? एकाच्या जागी दोन न्यावी लागतील." मागं दोघं हसली. थोरला ल्योक म्हणाला, "ऐका की आबा, लोक बघत्यात." माझं डोकं सणकलं. "दोन वर्सं अंथरुणातनं मोरीपर्यंत तिला मीच उचलून नेत हुतो. तवा कोण आला न्हाई माझं वय इचारायला. सोड हात!" पुतण्यानं हात सोडला. वढ्याच्या उतारावर माझा गुडघा लचकला, तिरडी एका अंगाला कलली, मागची माणसं ओरडली. थोरल्याचा हात पुढं आला. "हात लावू नगंस," म्हणालो आणि दात खाऊन सरळ झालो. मसणापर्यंत खांदा बदलू दिला न्हाई. आजबी पोरं म्हणत्यात, म्हाताऱ्यानं त्या दिवशी लय हट्ट केला. हट्ट कसला? तिचं वजन किती उरलं हुतं, ते माझ्याबिगर कुणालाच ठावं न्हवतं.