उंबऱ्याच्या आतलं लुगडं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "बरं," म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. रडू आलं नाही. राग मात्र असा आला की निवडलेली पानं मुठीतच चुरगळली. म्हणजे गेल्याच शेवटी! न बोलता! मला त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, 'कुंदा, चुकलं माझं.' त्यासाठी मी वर्षानुवर्षं दर गुरुवारी मैलापूरच्या त्या खोलीत जाऊन बसले, बोटं टोचून घेतली, आणि ही बाई ते वाक्य पोटात घेऊन खुशाल निघून गेली. आता वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी 'अक्कांबद्दल चार चांगले शब्द' मागितलेत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग माझ्याकडे मागायला नको होतं.

अक्का म्हणजे तमिळमध्ये थोरली बहीण. साऱ्या गल्लीच्या त्या अक्का होत्या, म्हणून माझ्याही. घराणं तंजावरकडचं मराठी, कैक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. बोलणं पोथीतून उतरवल्यासारखं, हेल तमिळ, आणि मध्येच 'अय्यो', 'पोदुम'... पोदुम म्हणजे पुरे. हा शब्द मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलाय की तमिळ सगळं विसरले तरी तेवढा विसरायची नाही. मी साताऱ्याची. नवऱ्याला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईला आले, भाषा येईना, माणूस मिळेना. कुणीतरी सांगितलं, मैलापुरात देवळामागच्या गल्लीत एक मराठी बाई गोधड्या शिवून दान करते. मला वाटलं, मिळालं माहेर! गेले. अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हातात सुई दिली, मी घातलेला धावदोरा चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि सगळाच्या सगळा उसवला. "साताऱ्याकडे टाका फार लांब घालतात वाटतं," म्हणाल्या. ही आमची ओळख.

अक्कांच्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली होती. आसपासच्या ब्लाऊज शिवणाऱ्या टेलरांकडची कातरणं, लोकांनी दिलेल्या जुन्या साड्या, चादरी, सगळं तिथं यायचं. चेन्नईच्या उकाड्यात गोधडी कशाला, असं मीही विचारलं होतं. अक्का म्हणाल्या, "पांघरावयास नव्हे. फरशीवर निजणाऱ्यांच्या पाठीस." पातळ, दोन थरांची, अंगाखाली घालायची गोधडी. वृद्धाश्रमात जायची, पावसात घरात पाणी शिरलं की बिछाने भिजलेल्या वस्त्यांत जायची, चेन्नईजवळच्या कोवलमच्या कोळीवाड्यात जायची. आणि खोटं कशाला बोलू, काम चोख होतं. दानाची म्हणून गबाळी गोधडी त्यांनी कधी बाहेर जाऊ दिली नाही. पिवळ्याशेजारी मळका खाकी तुकडा लागला की उसव. कड वाकडी गेली की उसव. "तुझ्या लेकीच्या बाळंतपणात हीच घालशील काय?" असं विचारायच्या, सगळ्यांदेखत. बायका रडत घरी जायच्या आणि पुढच्या गुरुवारी परत यायच्या. मीही जायची. का ते विचारू नका... माणसाला बोलायला मराठी लागतं, मग ती शिव्यांची का असेना.

आमच्याकडे गोधडी पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून तोंड शिवतात. गोधडी उपाशी राहू नये, निजणाऱ्याचं पोट भरलेलं असावं, ही त्यामागची भावना. माझी आई हे न चुकता करायची. मी माझ्या पहिल्या पुऱ्या झालेल्या गोधडीत तसा घास घातला. अक्कांनी कोपरा चाचपला, कात्रीनं फाडला आणि तो तुकडा दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. "अय्यो! ही गोधडी कीं शिदोरी? मुंग्या होतील, झुरळें होतील. पोदुम!" मी म्हटलं, "अक्का, ही आमची रीत आहे." तर म्हणतात, "रीत घरीं ठेव." नंतर कळलं, मुंग्यांच्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं, इथल्या दमट हवेत खाण्याचं काही टिकत नाही. पण बरोबर असलेल्या माणसानं इतकं कडू असावं असं कुठं लिहिलंय? अक्कांचं नेहमीच बरोबर असायचं. तीच तर पीडा होती.

आता त्यांचा नियम सांगते, कारण सगळं रामायण त्या नियमावरून झालं. पूर्वी म्हणे दानात आलेल्या चांगल्या साड्या काही बायका हळूच घरी न्यायच्या. म्हणून अक्कांनी ठरवलं, उंबऱ्याच्या आत जे येईल त्याला आधी चीर द्यायची. गाठोडं सोडायचं, प्रत्येक कापडाचा काठ कात्रीनं तोडायचा, हातानं टर्रकन फाडायचं आणि मगच काय आहे ते बघायचं. फाडलेली साडी नेसायला कोण नेणार? आधी फाड, मग बघ. त्यांना या नियमाचा भारी अभिमान होता.

माझी आई गेली तेव्हा मी साताऱ्याला होते. दिवसकार्य आटोपून परत निघाले, तर आमच्या गावच्या शिंप्यानं खणाचे तुकडे दिले, "तुमच्या त्या मद्रासच्या बाईंना द्या" म्हणून. मीच सांगितलं होतं त्याला अक्कांबद्दल, कौतुकानं! त्याच पिशवीत खाली आईचं वांगी रंगाचं इरकली लुगडं होतं. वहिनींनी बाकीची वाटून टाकली, हे मी मागून घेतलं. घडीला अजून तिचा वास होता, कापूर आणि तंबाखूच्या मिश्रीचा. गाडी चेन्नईला पोचली. घरी कुणी नव्हतं, नवरा कामावर. रिकाम्या घराचं कुलूप उघडायची हिंमत होईना. कुणाजवळ तरी जाऊन बसावंसं वाटत होतं, आणि मला आठवलं कोण, तर अक्का. स्टेशनवरून रिक्षा केली ती थेट मैलापूर. पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि अंगणातल्या नळावर पाय धुवायला गेले. पाय धुऊन वळले तर तो आवाज. टर्रर्र...

मी धावले. अक्कांच्या एका हातात आईचा पदर होता, दुसऱ्या हातात उरलेलं लुगडं. "अक्का, ते माझ्या आईचं आहे!" मी ओरडले. मला वाटलं, हातातून गळून पडेल त्यांच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आई गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, गावाहून मीच फोन केला होता. आणि काय म्हणाव्यात? "उंबऱ्याच्या आंत आलें. आतां दानाचें." मी म्हटलं, "मी ते दिलेलं नाही!" तर म्हणाल्या, "आई गेली. लुगडें कोणास नेसवणार?" आणि पुढची पट्टी फाडली. माझ्यासमोर. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे पुष्कळ पाहिले, पण ज्याचं घर त्याच्या डोळ्यांदेखत ठेवणारी ही एकच. बाकीच्या बायका मान खाली घालून दोरा ओवत बसल्या. मी पिशवीही न घेता घरी आले आणि त्या कुलुपाशी पायरीवर बसून रडले.

नवरा म्हणाला, "सोड ती बाई. जाऊ नकोस तिकडे." का जाऊ नको? मी गेले नसते तर त्यांचं फावलं असतं. मी पुढच्याच गुरुवारी गेले आणि बरोबर त्यांच्या समोर बसले. दर गुरुवारी समोर दिसले की एक दिवस तरी बोलतील, असा माझा हिशेब. शब्दाला शब्द लागला की भांडायचे. दोरा उसवायला लावला की फेकून द्यायचे आणि परत उचलून घालायचे. अक्कांनी त्या दिवसाचा उल्लेख कधी केला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथं तर सुंभही जळत नव्हता.

एकदा गोधड्या द्यायला आम्ही कोवलमला गेलो. बसमधून उतरून होड्यांच्या बाजूनं चाललो होतो, तर वाळूवर एक बाई टोपलीत मासळी घेऊन बसलेली. खाली घडी घातलेली आमची गोधडी, आणि घडीच्या कडेला वांगी रंगाची पट्टी, बारीक इरकली चौकडी. माझे पायच थांबले. आई मासळीच्या वासानं डोकं धरून बसायची हो! त्या बाईचा काय दोष, तिनं हसून मला बांगडे दाखवले. मी अक्कांना खांदा धरून वळवलं आणि बोटानं दाखवलं. आता तरी बोलतील. त्यांनी नीट पाहिलं, ओळखलंही, त्यांना प्रत्येक तुकडा ओळखू यायचा. म्हणाल्या, "उपयोगांत आहे कीं. ट्रंकेंत कुजलें असतें." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. परतताना मी वेगळ्या बसनं आले.

शेवटची भेट इस्पितळात. अक्का एवढ्याशा झाल्या होत्या, मनगटं काठ्यांसारखी. मी फळं ठेवली, स्टुलावर बसले आणि वाट पाहिली. माणूस अशा वेळी सगळं बोलून मोकळं होतं म्हणतात. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. "कुंदा, तूं अजून रागावलेली आहेस." मी म्हटलं, "हो. आहे." "चांगलें. रागानें तुझा टाका बारीक पडतो," म्हणाल्या आणि कूस बदलली. बस. एवढंच. मी तशीच उठले. दारात आले तेव्हा डोळे भरले होते, पण ते दुःखानं भरले की संतापानं, हे मला आजही सांगता येणार नाही.

शोकसभेला फोटोला मोगऱ्याचे हार, सगळ्यांच्या हातात फिल्टर कॉफी, आणि जो उठेल तो अक्कांना देवी करून बसेल. अक्कांची मुलगी वसुधा अमेरिकेहून आली होती. ती बोलायला उभी राहिली, अर्धं तमिळ, अर्धं मराठी. "अम्माला कसला मोह नव्हता," म्हणाली. "एका आंटीच्या आईची साडी पण अम्मानी दानासाठी फाडली, आणि त्या आंटीनी हसत हसत दिली." टाळ्या पडल्या. हसत हसत! माझ्या हातातली कॉफी सांडली. अशी गोष्ट लेकीला सांगत होती होय ही बाई! मग वसुधानं जाहीर केलं की अम्माच्या सगळ्या साड्या ती खोलीला देतेय. पुन्हा टाळ्या. मी कॉफीचा पेला तिथंच ठेवून घरी आले.

गुरुवारी गेले तर गाठोडं उंबऱ्याच्या आत. बायका गोल बसलेल्या, कुणी हात लावेना. कात्री माझ्यापुढे सरकवली. "कुंदाताई, तुम्हीच करा सुरुवात." मला कळलं त्यांना काय म्हणायचंय ते. कर, फेड एकदाचं. मी गाठ सोडली. वरची घडी उचलली, निळी चौकड्यांची सुती साडी, अक्कांची रोजची, पदराला सुया टोचून टोचून भोकं पडलेली. कात्री काठाला लावली. आणि खोटं सांगत नाही, मला बरं वाटत होतं. एवढ्यात वसुधा धापा टाकत दारात. चपला तशाच पायात, केस सुटलेले. "आंटी, त्यात अम्माची निळी साडी गेली का? रोजची? मी चुकून दिली. मला... तिचा वास आहे तिला. कापली का?" शेवटचं विचारताना तिचा आवाज फाटला.

एक जण हळूच म्हणाली, "पण उंबऱ्याच्या आत आलं ना... अक्कांचा नियम." मी म्हटलं, "अक्कांचा नियम अक्कांबरोबर गेला. तू गप बस." वसुधाकडे पाहिलं. तिच्या भाषणातलं ते 'हसत हसत' अजून माझ्या कानात होतं. वाटलं, विचारावं हिला, आता कसं वाटतंय? सांगावं, तुझी अम्मा असती तर आत्ता तुझ्यासमोर फाडली असती. कात्री खाली ठेवली. साडीची घडी नीट घातली आणि तिच्या हातात दिली. "घे. तुझी आहे," म्हटलं. तिनं त्या साडीत तोंड खुपसलं ते कितीतरी वेळ काढलंच नाही. मला अक्कांचा असा राग आला, असा राग आला... किती सोपं होतं हो हे! एवढंच तर करायचं होतं.

खोली अजून चालू आहे. वसुधा गेली परत अमेरिकेला, जाताना किल्ली माझ्याकडे दिली. टाका बारीकच घालायचा, गबाळी गोधडी बाहेर जाऊ द्यायची नाही, हे सगळं तसंच आहे, मी बायकांना अक्कांपेक्षा कमी बोलत नाही. फक्त आता गाठोडं घेऊन कुणी आलं की आम्ही त्याला उंबऱ्याच्या बाहेरच थांबवतो. मी विचारते, "यातलं काही परत हवंय का? नीट बघून सांगा." अक्कांना हे मुळीच खपलं नसतं. त्यांची बसायची जागा खिडकीपाशी होती, तिथं अजून कुणी बसत नाही. त्या बाजूला तोंड करून मी जरा मोठ्यानंच विचारते.