शंका माझी नाही, मैत्रिणीची!

कोपरखैरण्याच्या एका छोट्या दवाखान्यात मी कुटुंब नियोजनाचा सल्ला देते. बारा वर्षं झाली. इथे किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपले आपण चालत येतात! "मैत्रिणीसाठी विचारतेय" म्हणत दहा जणी येतात, त्यातल्या नऊ जणींची मैत्रीण म्हणजे त्या स्वतःच. दहावी खरंच मैत्रिणीसाठी आलेली असते, पण तोपर्यंत माझाच कुणावर विश्वास उरलेला नसतो!

नावं सगळी बदललीत. तरी कुणीतरी संशय घेणारच.

*

आमच्या शेजारी दाताचा दवाखाना आहे. मध्ये एकच पॅसेज. आमच्या पाटीखालच्या बाकावर कुणी बसत नाही, सगळ्या दातवाल्या बाकावर. ओळखीचं कुणी दिसलं की लगेच गालाला हात!

एकदा एक वहिनी अशाच गाल धरून बसल्या होत्या. समोरून त्यांच्याच सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको आली. तेवढ्यात दाताच्या डॉक्टरांकडून हाक आली, "नेक्स्ट!" आता उठणं भागच होतं.

अर्ध्या तासाने माझ्याकडे आल्या त्या अर्धं तोंड बधिर घेऊन.

"कॉपर-टीचं विचारायचं होतं. दाढ भरून आले."

"अहो, दुखत नाही म्हणून सांगायचं ना!"

"सांगणार होते. पण ती सेक्रेटरीण बघत होती. आणि दाढ खरंच किडलेली निघाली!"

तेवढ्यात माझ्या मागच्या पडद्याआडून सेक्रेटरीणबाईंचा आवाज आला, "वहिनी, मी कुणाला सांगणार नाही. तुम्हीपण सांगू नका!"

*

उलव्याचं एक नवं जोडपं आलं. नवरा आयटीतला. आल्या आल्या लॅपटॉप उघडला. गोळ्या, इंजेक्शन, कॉपर-टी, बायकांचं ऑपरेशन, सगळ्याचं एक्सेल शीट! प्रत्येकाचे फायदे, तोटे, किती वर्षं चालतं, बंद केल्यावर मूल व्हायला किती वेळ लागतो. हिरवे-लाल रंगसुद्धा भरलेले.

"आम्हाला तीन वर्षं मूल नकोय," तो म्हणाला. "तुम्ही फक्त कन्फर्म करा."

शीट चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? पण बायको सारखी स्क्रीनकडे बघत होती. पोलिसांनी पंचनामा वाचावा तशी. शेवटी तिने बोट ठेवलं.

"हे सगळं मी करायचंय. तुझी एकपण लाइन नाही यात?"

तो गडबडला. "आहे ना. कंडोमची आहे."

"कुठाय?"

"हाइड केलीय."

*

मग ती एअरपोर्टवाली. नव्या विमानतळावर तिला नोकरी लागली होती. मुलगा दीड वर्षाचा, पुढच्या बाळाला पाच वर्षं तरी गॅप हवी होती. सगळं ऐकून तिने कॉपर-टी ठरवली. बसवून झाली आणि दाराशी थबकली.

"मॅडम, तांबं म्हणजे धातूच ना? रोज चेकिंगला मशीन वाजलं तर?"

मी सांगितलं, एवढ्याशा तांब्याने काही वाजत नाही. तिला पटेना. आमच्या सुमनमावशी, म्हणजे दवाखान्यातल्या आया, मूळच्या करावे गावच्या. त्या दारातून म्हणाल्या, "वाजला तं वाजला, बाय! तुजा पोट काय चोरीचा माल हाय?"

महिन्याने ती तपासणीला आली. चेहरा पडलेला.

"मॅडम, वाजलं!"

"शक्यच नाही!"

"वाजलं हो. मी लेडी ऑफिसरला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. कधी बसवली, कशी बसवली, कुठे असते. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, 'मॅडम, खिशातला चमचा काढा.'"

मी हसू दाबत विचारलं, "मग?"

"मग काय! तिने तुमचा पत्ता लिहून घेतला."

*

सगळेच किस्से हसण्यासारखे नसतात. संदीप तुर्भ्याच्या कारखान्यात. दोन मुली, बायको सुनीता अशक्त. डॉक्टर म्हणाले, तिला आता तिसरं बाळंतपण नको. गडी स्वतःहून नसबंदीला तयार झाला. मी तर मनातल्या मनात त्याला सलाम ठोकला! आईला कळलं तर घर डोक्यावर घेईल, म्हणून घरी सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन. आईने लगेच ताकदीसाठी डिंकाचे लाडू वळले.

त्याला बजावलं होतं, तीन महिने कंडोम वापर, मग तपासणीला ये, रिपोर्ट क्लिअर आला तरच बिनधास्त. तो आलाच नाही.

चार-पाच महिन्यांनी सुनीता आली, एकटीच. दिवस गेले होते. संदीपने तिला माहेरी सोडलं होतं आणि जाताना एकच वाक्य बोलला होता, "माझं तर ऑपरेशन झालंय."

ती रडली नाही. म्हणाली, "मॅडम, त्यांना बोलवा. तपासणी करायचीय. माझी नाही, त्यांची."

तीनदा फोन केल्यावर तो आला. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू सापडले. कागद त्याने दोनदा वाचला. मग म्हणाला, "सॉरी."

"इथे नको," सुनीता म्हणाली. "आईंना सांगा मला का सोडलंत ते."

त्याने तिथेच आईला फोन लावला. स्पीकर सुनीताने ऑन केला. त्याने सगळं सांगितलं. संशय, रिपोर्ट, नसबंदी, सगळं. मग आईचा आवाज आला.

"आधी माझ्या सुनेला घरी आण. आणि मला सांग मेल्या, ते डिंकाचे लाडू मी कशासाठी वळले?"

*

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गुरुवारची दुपार. साठीच्या एक बाई आल्या आणि त्यांनी गोळ्यांचं पाकीट माझ्या टेबलावर आपटलं.

"हे तुमच्याकडचं ना? उडदाच्या डब्यात सापडलं. माझ्या सुनेचं."

सून मला चांगली आठवत होती. ऑफिसची परीक्षा होईपर्यंत तिला मूल नको होतं, आणि घरात सांगायची सोय नव्हती.

"काकू, कोण येतं, काय घेतं, मी कुणालाच सांगू शकत नाही. अगदी नवऱ्यालासुद्धा."

"नका सांगू." त्यांनी दाराकडे बघितलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "एवढंच सांगा, एक गोळी चुकली तर काय करायचं?"

"कालची तशीच आहे. मी रोज बघते. कधी चुकत नाही ती. काल पाहुणे होते, राहिली असणार."

"आठवेल तेव्हा लगेच घ्यायची. पुढची नेहमीच्या वेळेला."

"मग तुम्ही फोन करा तिला. माझं नाव नको. मला माहितीय हे तिला माहीत नाही."

मी काहीच कबूल केलं नाही. त्यांना बाहेर बसवलं, दार लावलं आणि सुनेला फोन केला. म्हटलं, सहज चौकशी, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?

"मॅडम, सासूबाई आल्यात का तिथे?"

मी बंद दाराकडे बघितलं.

"त्या रोज डबा उघडून बघतात, माहितीय मला. त्यांना सांगा, पाकीट होतं तिथेच ठेवा. मी घरी आले की घेते."